दगडाकडून मागून घेतलेलं नाव

एसटीतून उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मला माझ्याच चपला दिसत नव्हत्या. श्रावणात आजऱ्याच्या पुढे डोंगरावर धुकं असं बसतं, जसं कुणी गावावर ओला पंचा टाकून निघून गेलाय. गाडी वळली, तिचा आवाजही लगेच बुजला. मग त्या पांढऱ्यात मला कुणीतरी गुणगुणताना ऐकू आलं.

शब्द नव्हते, नुसती चाल होती. पाळण्याची.

फाट्यावरच्या निवाऱ्याशी एक बाई उभी होती. ठेंगणी, जाडसर, डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेली. छातीशी हिरव्या खणाच्या कुंचीत गुंडाळलेलं तान्हं बाळ.

"अहो, हौसाबाईंचं घर कुठं—"

"हळू," ती म्हणाली. "निजलाय."

मी आवाज खाली आणला. "एवढ्या धुक्यात बाळाला बाहेर कशाला आणलंत? गारठेल ना."

"म्हणून तर धरलाय." तिनं कुंचीची झालर बाजूला केली. "बघ."

आत तोंड नव्हतं. काळं, गुळगुळीत काहीतरी होतं आणि त्यावर कुंकवाचा एक टिळा.

वरवंटा होता तो. बाळाआधी पाळण्यात घालतात तो गोप्या. मी आयुष्यात शंभरेक बारशांना पाळणा म्हटला असेल, हातात कितीदा घेतला असेल गोप्या. पण फाट्यावर कुणी त्याला निजवत उभं असलेलं मी पाहिलं नव्हतं. ती आणखी जवळ आली आणि तिचा चेहरा दिसला. बारीक, वर ओढलेले डोळे. बसकं नाक. ओठांत किंचित बाहेर राहिलेलं जिभेचं टोक.

हा चेहरा मी आदल्या दिवशी पाहिला होता. कोल्हापुरात, डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली, एका माहितीपत्रकावर.

माझ्या मनात आलं, मी रिपोर्ट पर्समध्ये घालून घरातून पळाले, आणि तो माझ्या आधी इथं येऊन उभा राहिलाय.

*

मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. गडहिंग्लजला शाळेत मराठी शिकवत होते आणि रविवारी कुणी बोलावलं तर आईच्या वहीतले पाळणे म्हणायला जात होते. पाळणा येणाऱ्या बायका संपत चालल्या होत्या, म्हणून लांबूनही बोलावणी यायची. स्वतःच्या घरी मात्र नऊ वर्षं पाळण्याची चाल तोंडात आणली नव्हती. नऊ वर्षांनी दिवस राहिले. वय जास्त म्हणून पोटात सुई घालून पाणी काढलं, तपासायला पाठवलं. शनिवारी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "एकविसाव्या जोडीत एक जास्तीचं आहे. डाउन सिंड्रोम. वीस आठवड्यांच्या आत असाल तर कायद्यानं मार्ग आहे. निर्णय तुमचा. पण मंगळवारच्या पुढे नको." दोन डॉक्टरांच्या सह्या कागदावर झाल्या होत्या. खालची जागा माझी होती.

अविनाश, माझा नवरा, वाईट माणूस नव्हता. परतीच्या गाडीत तो खिडकीकडे बघत म्हणाला, "लोकांचं जाऊ दे, वृंदा. आपण गेल्यावर त्या जिवाचं कोण? मला ना भाऊ ना बहीण. तुझा एक भाऊ, तो दुबईला." त्याचं काहीच चुकत नव्हतं. रविवारी सकाळी मी म्हणाले, "बारशाला शब्द दिलाय," आणि निघाले.

*

"मी सगुणा," ती बाई चालता चालता म्हणाली. "आत्या हाय मी. बाळाची."

"आणि ह्याचं नाव?" मी वरवंट्याकडे बोट केलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"ह्याला नाव न्हाई." ती थांबली. "ह्याचं मी घेतलंय."

धुक्यात कुठंतरी म्हशीच्या गळ्यातलं लोढणं खडखडलं.

"तू पोटाशी हाईस," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला?" माझा आवाज चिरकला. पाचवा महिना होता, पण मी सैल साडी नेसले होते, गावात कुणाला माहीत नव्हतं.

"कुणी कशाला? चिखल आला की तू हात पोटावर ठेवतीस. वैनी अशीच चालायची. पडली तर आधी हात फुटू दे म्हणून."

मी हात काढून घेतला. थोडं पुढं गेल्यावर पाहिलं, तर तो परत तिथंच होता.

*

घर कौलारू, सोप्यात मधोमध पाळणा टांगलेला. हौसाबाई दारात आल्या, सत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या. "आलासा बाई? वाट गावली न्हवं? ही पहाटेपासनं फाट्यावर जाऊन बसलीया. म्हणली, पाळणावाल्या बाई चुकतील." मग सगुणाकडे वळून, "दे गं बाय तो गोप्या. हात भरून आला असंल."

"न्हाई. थंडी हाय."

आतून बाळाच्या आईची आई आली. रत्नमालाबाई, निपाणीच्या. मला कोपऱ्यात घेऊन कानाशी लागल्या, "बाई, एक सांगून ठेवते. नाव चुलत आत्या सांगणार, शोभा. ही सख्खी असली तरी हिचा हात नको बाळाला. पहिलं पोर हाय आमच्या पल्लवीचं. म्हणून तर तिला दगड दिलाय धरायला. दगड असला की गप असते."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या बाईकडे बघावं लागू नये असं मलाही वाटत होतं. तरी मी बघत होते. तिच्या बोटांकडे, आखूड, गुबगुबीत बोटं, कुंचीची नाडी सुटली की पुन्हा बांधणारी. गाठ तिला पटकन जमत नव्हती. चार-चार वेळा करायची, सोडायची नाही.

बाळाची कुंची त्याच खणाची होती. हौसाबाईंनी मला सांगितलं, त्यांच्याकडे दोन्ही कुंच्या एकाच तुकड्यातून बेततात. दृष्ट आली तर दोघांतलं लेकरू कुठलं नि दगड कुठला, तिला कळू नये.

*

बारा वाजता बायका जमल्या. लाइट गेली होती. दारातून धुकं सोप्यात आलं होतं, पाळण्याचे गोंडे त्यात लोंबत होते, बायकांचे पाय दिसत नव्हते, नुसत्या कमरेपासून वर बायका. कुणीतरी दार लोटायला गेलं आणि त्या झोतानं समई विझली.

"असू दे, करा सुरू," रत्नमालाबाई म्हणाल्या. "वेळ टळायची."

सगुणानं गोप्या सोडला, तो हौसाबाईंनी तिला गूळ-खोबरं दाखवून समजूत घातल्यावर. शेजारणीच्या हातात देताना म्हणाली, "मान धर त्याची." बायका खदखदल्या. मग ती कुठं गेली, कुणी पाहिलं नाही.

पाळण्याच्या दोन्ही अंगाला आम्ही चौघी. गोप्या खालून वर, वरून खाली तीनदा फिरवायचा, मग बाळ. मी डोळे मिटून सुरुवात केली.

*पाटा गं वरवंटा, एका खाणीतले भाऊ,*
*बाळाच्या आधी बाई, गोप्याला जागा देऊ…*

गाताना मी मोजत नाही. हात आपोआप पुढे होतात. त्या दिवशी तर मला गाण्याखेरीज कशातच राहायचं नव्हतं. पाळण्याखालून गाठोडं माझ्या ओंजळीत आलं, आणि मी दचकले.

ते ऊन होतं.

दगडाचा गारवा असतो, तो कापडातूनही कळतो. हे अंगासारखं ऊन होतं. कुंचीतून ती ऊब माझ्या मनगटांत चढली, तिथून कुठं कुठं गेली, मला सांगता येणार नाही. मला वाटलं, गोप्याचा फेरा माझ्या गाण्यात होऊन गेला असेल. मी गाणं मध्येच तोडून ओरडले, "बाळ आलं गं! हळू घ्या!"

माझ्यावर सगळ्यांचा विश्वास. पाळणा म्हणणारी बाई म्हणतेय. बायकांचे हात एकदम मऊ झाले. गाठोडं अलगद पाळण्यात ठेवलं, शोभा वाकली, "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं: शौर्य. बायकांनी तिच्या पाठीत दणादण बुक्क्या घातल्या. कुणी घुगऱ्यांची परात आणली.

तेवढ्यात आतल्या दारात पल्लवी उभी राहिली. नवी साडी नेसून, केसांत गजरा.

"आणू का आता बाळाला?" तिनं विचारलं.

पाळणा हलत होता. कुणीच त्याची दोरी धरलेली नव्हती.

शोभानं कुंचीची झालर बाजूला केली आणि मागं सरली. काळं, गुळगुळीत, कुंकवाचा टिळा.

*

पल्लवी आत धावली. बाळंतिणीच्या बाजेवर दुपटं होतं, तीट लावायची डबी होती. बाळ नव्हतं.

"त्या येडीनं नेलं!" रत्नमालाबाई किंचाळल्या. "मी म्हणत होते! विहीर कुठं हाय, विहीर बघा आधी!"

बायका धुक्यात पांगल्या. हाका यायच्या, कुठून येतात कळायचं नाही. मी पाळण्याची दोरी धरून उभी राहिले. हे माझ्या हातून झालं होतं. दगडाला बाळ म्हणाले होते ती मी.

आणि मला ती चाल ऐकू आली, सकाळचीच. बाहेरून नव्हे, घराच्या पोटातून.

मी भिंत चाचपत गेले. माजघर, न्हाणी, तिच्यामागं भाताच्या कणगीची अंधारी खोली. कणगीच्या आडोशाला सगुणा पाय पसरून बसली होती. घोंगडीच्या खोळीत बाळ, डोळे टक्क उघडे, तिच्याकडे बघत. तिचा तळहात त्याच्या मानेखाली होता, पुरता.

"सगळी दगडाकडं गेली," ती मला म्हणाली. "हा एकटाच रडत हुता."

मी तिथंच खाली बसले.

माझ्यामागून पल्लवी आली, मग रत्नमालाबाई, आणि सगळ्यांत शेवटी हौसाबाई. त्यांनी खोली पाहिली, कणग पाहिली, लेकीच्या मांडीवरचं बाळ पाहिलं, आणि भिंतीला टेकल्या.

"पुन्यांदा झालं गं," त्या म्हणाल्या. "तेच झालं."

"काय झालं आत्याबाई?" पल्लवीनं सासूला विचारलं.

"एकतीस वर्सं झाली. ह्याच कणगीच्या मागं मी हिला घेऊन बसले हुते. ही जन्मली तवा सुईण म्हणाली, असलं लेकरू जगत न्हाई. बारशाला सासूबाईंनी हिला भाईर आणूच दिलं न्हाई. गोप्या घातला पाळण्यात, त्यालाच पाळणा म्हणल्या, त्याच्याच कानात नाव सांगितलं. सगुणा. घुगऱ्या वाटल्या, झालं. मी आत ऐकत हुते. म्हणल्या, असल्याला नाव देऊ नये. नाव दिलं की जीव लागतो."

हौसाबाईंनी कणगीवर हात ठेवला.

"मग चार वर्सं ही बिननावाची. ए म्हणायचं, अगं म्हणायचं. मरायची वाट बघत हुती सगळी, आणि ही आपली रांगाय लागली, चालाय लागली, माझ्या मागनं पाणोठ्यावर याय लागली. एक दिवस मी मसाला वाटाय बसले, नि वरवंटा घेतला पदरात. म्हणलं, बाबा, तुला नावाचा काय उपेग? तुला कोण हाक मारतंय? दे माझ्या लेकीला."

"लगेच दिलं त्यानं," सगुणा म्हणाली. मग बाळाकडे बघून, "ह्याचं बी मागा. माझं मागितलं तसं. न्हाईतर ह्याला बी ए म्हणाय लागंल."

मग पल्लवी सोप्यात गेली, पाळण्यातून वरवंटा घेऊन आली. मोठ्या शहाण्या बायका त्या अंधारात दगडाभोवती उभ्या राहिल्या आणि एका बावीस वर्षांच्या पोरीनं हात जोडून म्हटलं, "आमच्या बाळाचं नाव द्या हो." आज सांगताना हसू येतं. तेव्हा माझ्या अंगावर काटा होता.

"दिलं," सगुणा म्हणाली.

शोभा पुढं होऊ लागली, तिला पल्लवीनं हातानं थांबवलं. "आई, तू काय बोलू नकोस," ती रत्नमालाबाईंना म्हणाली, त्या बोलायच्या आधीच. मग सगुणासमोर उकिडवी बसली. "वन्सं, सांगा नाव."

सगुणानं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. तिचा कुर्रर्र ओला होता, लांबलचक होता, बाळ दचकून हसल्यासारखं झालं. नाव तिला नीट म्हणता आलं नाही. शौर्यचं 'सवऱ्या' झालं. पल्लवीनं तिच्या पाठीत हलकीच बुक्की मारली. हौसाबाईंनी मारली. मी मारली. सगुणा वाट बघत होती, रत्नमालाबाईंकडे पाठ करून.

"मार की गं, मावशी," ती म्हणाली. "आत्याला मारत्यात."

रत्नमालाबाईंनी मूठ उचलली, ती तिच्या पाठीवर ठेवली, आणि तशीच ठेवून त्या रडल्या.

*

साडेतीनच्या गाडीला मला सोडायला सगुणाच आली. वरवंटा बरोबर होताच, आता कुंचीशिवाय, नुसता काखेत. धुकं पातळ झालं होतं. निवाऱ्यात बसलो. माझ्या पर्समध्ये तो कागद होता, पेन होतं.

"तुझं कवा?" तिनं विचारलं.

तोंडात आलं ते मी बोलून गेले. "मंगळवारी."

"मंगळवारी बारसं?"

"नाही. मंगळवारी... जायचंय."

"कुठं?"

मी पर्स मांडीवरून बाजूला ठेवली. तिनं वरवंटा उचलला आणि माझ्या मांडीवर, पोटाला टेकवून ठेवला. अजून ऊन होता. पहाटेपासून बारशापर्यंत नि आता वाटभर तिच्या अंगाशी होता, दुसरं काय असणार.

"हालतंय का?" ती म्हणाली.

शनिवारी डॉक्टरांनी हेच विचारलं होतं. अविनाश शेजारी बसला होता. मी म्हटलं होतं, "नाही, अजून काही नाही."

"गुरुवारपासून," मी म्हणाले.

आतापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेत, सातवीच्या वर्गात, फळ्यावर लिहिताना. पाण्यात मासोळीनं अंग वळवावं तसं. मी खडू खाली ठेवला होता आणि मुलींकडे पाठ करूनच उभी राहिले होते.

सगुणानं फक्त मान डोलावली, मला काही विशेष सांगितलंच नाही असं.

"आत्या हाय?"

"नाही. नवऱ्याला बहीण नाही."

"मग नाव कोण सांगणार?" ती काळजीत पडली. खरीच. कपाळाला आठ्या घालून तिनं बराच विचार केला. "मी येते," ती म्हणाली. "ह्याला बी आणते. पर कुठल्या गाडीनं यायचं, तू सांग."

गाडी आली. मी खिडकीतून पाहिलं. धुक्यात ती उभी होती, वरवंट्याचा हात करून मला टाटा करत होती.

घाट उतरल्यावर मोबाईलला रेंज आली. अविनाशचे सात मिस्ड कॉल होते. मी लावला.

"कुठं आहेस तू? डॉक्टरांचा फोन होता, कागद उद्या सकाळीच—"

"अविनाश," मी म्हटलं, "बाळ हलतंय. गुरुवारपासून हलतंय. तुला सांगितलं नाही मी."

पलीकडे चालू असलेला टीव्ही त्यानं बंद केला.

"आणि तू विचारत होतास ना, आपल्यानंतर कोण म्हणून," मी म्हणाले. "ते मला माहीत नाही. पण आत्या मिळालीय."

*

मुलगी जानेवारीत झाली. पुढचं सोपं नव्हतं. पहिल्या वर्षी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, ती बोलायला लागली तेव्हा तिच्या वयाची पोरं शाळेत कविता म्हणत होती. पण ते सगळं नंतरचं.

बारशाला सगुणा आली, हौसाबाईंबरोबर, दोन गाड्या बदलून. वरवंटा मांडीवर घेऊन. कंडक्टरनं थट्टेत "ह्याचं हाफ तिकीट" म्हटलं, तर ती पैसे काढायला लागली होती. गोप्याचे तीन फेरे झाले. अविनाश दोरी धरून उभा होता, आणि मी आईच्या वहीत नसलेलं म्हटलं:

*धुक्याच्या फाट्यावरी, कोण उभी गं वाटेला,*
*आत्या बाई उभी, नाव घेऊन ओटीला.*

सगुणानं पाळण्यातून गोप्या उचलला, त्याला दटावलं, "तू ऐकायचं न्हाईस," आणि खाली पाटावर पालथा घातला. मग वाकली. या खेपेला दगडाकडे काही गेलं नाही. नाव थेट माझ्या लेकीच्या कानात गेलं, ओलं आणि लांबलचक, आणि मी सगळ्यांच्या आधी मूठ वळली.